मोकळा सायलेन्सर, मोकळा फिल्टर आणि जेट किट : पैसे वसूल झाले, पण मेन जेटमुळे नाही

जेट किट (मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे कार्बमध्ये, पेट्रोलचं माप ठरवणारे भोकाचे पितळी जेट आणि नीडल यांचा संच) घेऊ की नको हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो आणि उत्तरं इतकी उलटसुलट मिळतात की म्हटलं एकदा नीट बसून लिहून टाकावं. किट कुठल्या कंपनीचं ते मुद्दाम सांगत नाही, कारण त्यातला एक जेट खराब निघाला आणि एका पिशवीवरून अख्ख्या कंपनीला झोडण्यात काही अर्थ नाही. तसंही सीव्ही कार्बचं कुठलंही किट उघडा, आत माल थोड्याफार फरकाने तोच असतो.

गाडी सिंगल सिलिंडर, फोर स्ट्रोक, कार्ब सीव्ही टाईपचा, म्हणजे ज्यात आपण फक्त बटरफ्लाय उघडतो आणि स्लाईड व्हॅक्यूमवर आपली आपण वर जाते तो. केलेले बदल तीन. एअरबॉक्सच्या (फिल्टर असतो त्या डब्याच्या) तोंडाचं रबरी स्नॉर्कल काढलं, आत कागदी फिल्टरच्या जागी तेल लावायचा कॉटनचा फिल्टर टाकला आणि मागे फ्री फ्लो सायलेन्सर. मग जे सगळ्यांच्या गाडीचं होतं तेच. रेस सोडली की मागून फटफट, इंजिन तापलं की वाढलेली रेस खाली यायलाच तयार नाही, आणि एकसारख्या स्पीडला पाव-अर्ध्या थ्रॉटलवर गाडी हेलकावे खाते. चालू गाडीत चोक जरासा ओढला की हे सगळं एकदम कमी. चोक ओढल्यावर गाडी सुधारली म्हणजे तिला पेट्रोल कमी पडतंय, गाडी लीन आहे, याच्यापेक्षा सोपी टेस्ट नाही आणि तिला पैसेही लागत नाहीत.

पण थांबा. किटची ऑर्डर टाकायच्या आधी दोन गोष्टी तपासाच. एक म्हणजे कार्ब आणि हेडच्या मधलं रबर, त्याला चीर असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल तर तिथून हवा शिरते आणि लक्षणं अगदी हीच दिसतात. दुसरं म्हणजे सायलेन्सरचं हेडजवळचं पॅकिंग. नवा सायलेन्सर लावताना जुनंच पॅकिंग परत दाबून बसवलं की तिथून रेस सोडताना बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल गरम पाईपात पेटतं, झाली फटफट. ह्याला जगातला कुठलाही जेट उपाय नाही. लोक इथेच फसतात, पॅकिंग गळतंय आणि हे बसलेत जेट बदलत.

तर किटमध्ये काय काय आलं ते सांगतो. चढत्या नंबरचे मेन जेट, दोन पायलट जेट, पाच खाचांची एक नीडल (स्लाईडला लटकणारी, तिच्याबरोबर वरखाली होणारी निमुळती सुई) आणि तिची बारीकशी ई-क्लिप, कागदासारखे पातळ वायसर, स्लाईडसाठी एक नरम स्प्रिंग, एक ड्रिल बिट आणि घडी घातलेला सूचनांचा कागद. कागदावर तुमच्या मॉडिफिकेशनप्रमाणे स्टेज दिलेत. नुसता सायलेन्सर बदललाय तर हा जेट, एअरबॉक्सही मोकळा केलाय तर तो जेट, एअरबॉक्स काढून थेट कार्बच्या तोंडावर पॉड फिल्टर असेल तर अजून मोठा. हा कागद सुरुवात कुठून करायची एवढ्यापुरता ठीक आहे. पुढचं काम तुमच्या गाडीने, तुमच्या उंचीवर आणि तुमच्याकडच्या हवेत ठरवायचं असतं, ते कागद ठरवू शकत नाही, त्यामुळे त्यातला नंबर बसवला आणि झाकण लावलं असं करणाऱ्याने किट न घेतलेलंच बरं.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. सगळी चर्चा मेन जेटची चालते. तू कितीचा टाकलास, मी इतक्याचा टाकला. मेन जेटचं राज्य साधारण पाऊण थ्रॉटलच्या वर सुरू होतं. रोजच्या चालवण्यात तिथे कितीदा जाता? हँडलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर चिकटपट्टी लावा, पेनाने शून्य, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा आणि एक दिवस चालवून बघा. बहुतेक वेळ खूण पाव आणि अर्ध्याच्या आसपास घुटमळताना दिसेल. आयडलपासून पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, पावपासून पाऊणपर्यंत नीडल, त्यानंतर मेन. हद्दी एकमेकांत मिसळलेल्या असतात हे खरं, पण ढोबळ हिशोब हाच. म्हणजे किटमधली सगळ्यात कामाची वस्तू ती बारीकशी नीडल आहे, आणि किटच्या नावातच जेट असल्यामुळे तिच्याकडे कोणी बघत नाही.

कंपनीची मूळ नीडल काढून किटच्या नीडलशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवली तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला. मूळ नीडलला वरती खाच एकच, म्हणजे क्लिप खालीवर करायची सोयच नाही, प्रदूषणाच्या नियमांमुळे बऱ्याच सीव्ही कार्बमध्ये ती अशीच कायमची ठरवून देतात. किटच्या नीडलला पाच खाचा आणि शिवाय तिचा निमुळता भाग जरा वरूनच सुरू होतो आणि टोकही बारीक आहे. याचा परिणाम असा की स्लाईड तेवढीच वर गेली तरी नीडलच्या भोवतीची फट जास्त उघडते आणि पेट्रोल जास्त येतं. अर्ध्या थ्रॉटलला ही भोवतालची फट मेन जेटच्या भोकापेक्षा लहान असते, त्यामुळे तिथे पेट्रोल किती जायचं ते फटच ठरवते, खाली मेन जेट केवढाही मोठा लावा फारसा फरक पडत नाही. मधल्या रेंजमध्ये गाडी अडखळते म्हणून मेन वाढवत सुटणारे इथे चुकतात आणि मग फुल थ्रॉटलला गाडी काळा धूर ओकते ते वेगळंच.

क्लिपचं गणित उलटं वाटतं म्हणून सांगून ठेवतो, क्लिप टोकाच्या बाजूला खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), क्लिप वर नेली की नीडल खाली म्हणजे लीन. मी मधल्या खाचेपासून सुरुवात केली, तिथे हेलकावे कमी झाले पण गेले नाहीत, एक खाच खाली आणली आणि गेले. अजून एक खाली नेऊन बघितली तर गाडी जड झाली, उघडताना घोगरा आवाज आणि पिकअपमध्ये सुस्ती. परत एक वर. आणि दोन खाचांच्या मधलं हवं असेल तर ते पातळ वायसर त्यासाठीच असतात, क्लिपच्या खाली एक टाकला की अर्ध्या खाचेएवढी नीडल उचलली जाते. ज्यांनी फक्त सायलेन्सर बदललाय आणि एअरबॉक्स जसाच्या तसा आहे त्यांनी तर किट घ्यायच्या आधी मूळ नीडलखाली अर्धा मिलिमीटरचा वायसर टाकून बघावा आणि पायलट स्क्रू जरा उघडावा, कित्येक गाड्यांचं तेवढ्यात भागतं.

बसवण्याबद्दल. कार्बच्या झाकणाचे स्क्रू दिसायला साधे फुलीचे, पण जपानी कार्बवर ते बऱ्याचदा जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात आणि नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि डोकं खाऊन टाकतो. नीट मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, किटमध्ये तो येत नाही आणि यायला हवा होता. जेट पितळेचे असतात, खाचेत पूर्ण रुंदीचं पातं घाला आणि बसवताना जोर दाखवू नका, बसला की थोडासाच आवळा. वरचं झाकण काढताना आतला स्प्रिंग उडी मारतो ते लक्षात ठेवा. डायफ्राम (स्लाईडला जोडलेला पातळ रबरी पडदा) बाहेर काढला की उजेडासमोर धरून हलकेच ताणून बघा, सुईच्या टोकाएवढं जरी भोक असेल तरी स्लाईड नीट उचलली जात नाही आणि मग सगळं ट्युनिंग वाया. परत बसवताना त्याची कड खोबणीत गोल फिरवून बसली की नाही ते बोटाने चाचपा. झाकण लावायच्या आधी स्लाईड बोटाने वर उचलून धरायची, झाकण लावायचं आणि मग सोडायची, म्हणजे डायफ्राम चिमटत नाही. आणि झाल्यावर हवेच्या बाजूने बोट घालून स्लाईड उचलून सोडा, ती हळूच आणि सरळ खाली यायला हवी.

त्या ड्रिल बिटबद्दल. कागदावर लिहिलंय की स्लाईडच्या तळाचं व्हॅक्यूमचं भोक या बिटने मोठं करा म्हणजे स्लाईड पटकन उचलली जाईल. मी केलं नाही आणि तुम्हीही लगेच करू नका. स्लाईड जितकी पटकन वर तितका रिस्पॉन्स चांगला असं ऐकायला बरं वाटतं, पण ती फार पटकन गेली तर हवा आधी घुसते, पेट्रोल मागून येतं, आणि झटकन रेस दिल्यावर गाडी क्षणभर गप्प होते. जेट बदलता येतो, क्लिप परत वर करता येते, भोक मात्र परत लहान होत नाही. नवी स्लाईड घ्यावी लागते. त्या नरम स्प्रिंगचंही तेच, तो लावून बघितला, खालच्या रेंजमध्ये गाडी थोडी उतावळी वाटली, मूळ स्प्रिंग परत टाकला. निदान तो परत टाकता आला.

मेन जेटचे नंबर हा एक वेगळाच घोळ आहे. केहिन या कार्ब कंपनीच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, ११० म्हणजे १.१० मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या मेन जेटवरचा नंबर मात्र त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावरून असतो. आणि काही किटवाले स्वतःचीच नंबरांची पद्धत वापरतात. त्यामुळे मित्राने १२० टाकलाय म्हणून मीही १२० टाकतो याला काडीचा अर्थ नाही, जोपर्यंत दोघांचे जेट एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे नाहीत. हिशोब करून बघा, व्यासाच्या नंबरात ११० वरून १२० वर गेलात तर व्यास ९ टक्के वाढला पण भोकाचं क्षेत्रफळ १९ टक्के वाढलं. वाहण्याच्या नंबरात तेच ११० ते १२० म्हणजे नुसते ९ टक्के. फरक दुपटीचा! म्हणून एकदा ज्या कंपनीच्या जेटवर सुरुवात केली त्याच कंपनीच्या जेटवर शेवटपर्यंत राहायचं, मध्ये भेसळ करायची नाही.

आता तो खराब जेट. मेन वाढवत नेत होतो आणि एका ठिकाणी मोठा नंबर लावल्यावर गाडी उलट जास्त लीन वागायला लागली. फुल थ्रॉटलवरून किंचित बंद केलं की गाडी पुढे झेप घ्यायची. हे लीन मेन जेटचं ठरलेलं लक्षण, कारण थ्रॉटल जरा मिटला की क्षणभर मिश्रण रिच होतं आणि गाडीला जे हवं होतं ते मिळतं. मोठा जेट लावून हे कसं होईल? काढला, उजेडाकडे धरून भिंगातून बघितलं तर भोकाच्या आतल्या कडेला पितळेची एक बारीक कुसळ तशीच लटकत होती, मशिनवर कापताना राहिलेली. बाहेरून शिक्का बरोबर, आतून भोक अर्धवट झाकलेलं. तार घालून कुसळ काढायचा मोह होतो, करू नका, पितळ मऊ असतं आणि भोक ओरखडून त्याचं माप बिघडतं, मग शिक्क्यावरचा नंबर निरर्थक. विकणाऱ्याने बदलून दिला, काही कटकट न करता, तेवढे मार्क त्याला. पण किट आलं की प्रत्येक जेट उजेडासमोर धरायचा हा नियम करून टाका.

ट्युनिंगचा क्रम कागदावर दिलेला नाही आणि ही मोठी उणीव आहे. आधी मेन, मग नीडल, शेवटी पायलट. मेन बदलला की मधल्या रेंजवर थोडा का होईना परिणाम होतो, त्यामुळे खालून वर गेलात तर परत परत तेच काम करावं लागतं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच निर्णय घ्यायचा, थंड इंजिनला रिच मिश्रण आवडतंच त्यामुळे ते खोटं सांगतं.

मेनसाठी प्लग बघायची जुनी पद्धत मी वापरली. नवा प्लग घालायचा, मोकळ्या आणि सुरक्षित जागी, वरच्या गिअरला, फुल थ्रॉटलवर थोडं अंतर चालवायचं, मग क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच, आणि प्लग काढून बघायचा. आयडलवर चालवत घरी आणून प्लग बघितला तर तो आयडलची गोष्ट सांगतो, मेनची नाही. आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी मुळाशी एक बारीक राखाडी-तपकिरी कडं दिसायला हवं, टोक पांढरंफटक असेल तर लीन, सगळीकडे कोरडी काजळी असेल तर रिच. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर हा रंग फिका येतो आणि वाचायला अवघड जातो, त्यामुळे ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी सायलेन्सरच्या पाईपला सेन्सर बसवायची आट्यांची कडी लावून वाईडबँड सेन्सरवर एअर फ्युएल रेशो (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघावा. साध्या पेट्रोलला १४.७ ला १ हे पूर्ण जळायचं गणित, पण फुल थ्रॉटलवर ताकदीसाठी साधारण १२.५ ते १३ लागतं. १४.७ बघून खूश होऊन फुल थ्रॉटल ओढत बसलात तर इंजिन जाम तापेल.

पायलटचं सगळ्यात जास्त वेळखाऊ. आधी स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा स्क्रू, बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. अर्ध्याहून जास्त भांडणं ह्यावरून होतात कारण दोघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. काही गाड्यांवर हा स्क्रू पितळी टोपणाखाली दडवलेला असतो, ते काढताना ड्रिल खोल गेलं तर स्क्रूचंच डोकं जातं, जपून. गरम इंजिनवर स्क्रू फिरवत रेस सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्थिर कुठे लागते ते शोधायचं. मिश्रणाचा स्क्रू तीन आट्यांपेक्षा जास्त उघडावा लागत असेल तर पायलट जेट लहान पडतोय, जेमतेम एका आट्याच्या आत येत असेल तर मोठा आहे; हवेच्या स्क्रूचं याच्या उलट. माझ्या गाडीला मूळ पायलटवर स्क्रू जवळजवळ बाहेर पडायच्या बेतात होता, किटमधला एक नंबर वरचा जेट टाकल्यावर दोन-सव्वादोन आट्यांवर छान स्थिरावली. फटफट ऐंशी टक्के गेली, उरलेली थोडी राहू दे, मोकळ्या सायलेन्सरला तेवढी असतेच, आणि ती मारायला अजून रिच करत गेलात तर आयडलवर प्लग काळा होईल.

पॉड फिल्टरवाल्यांना हे किट सुचवू का? नाही. म्हणजे किट चालेल, पण सीव्ही कार्बला एअरबॉक्समधली शांत हवा लागते, स्लाईड तिच्याच दाबाच्या फरकावर उचलली जाते. उघडा पॉड लावला की वाऱ्याच्या झोतात, आडव्या वाऱ्यात, मोठ्या गाडीच्या मागे, प्रत्येक ठिकाणी स्लाईड वेगळं वागते आणि मधल्या रेंजमधलं ते अडखळणं कुठल्याही जेटने पूर्ण जात नाही. एअरबॉक्स ठेवा, फिल्टर चांगला टाका. आवाजच हवा असेल तर गोष्ट वेगळी.

उंचीचंही बघा. दर ३०० मीटरला हवा साधारण ३ टक्के विरळ होते, म्हणजे सपाटीवर बरोबर लावलेली गाडी डोंगरात रिच वागते. उलट डोंगरात ट्यून करून खाली आणलीत तर लीन, आणि लीन जास्त धोक्याचं. थंड हवा दाट असते त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही मिश्रण लीनकडे झुकतं. मी एक खाच रिचच्या बाजूला ठेवलीय, अॅव्हरेज थोडं कमी झालंय, चालेल. ज्यांना अॅव्हरेज जपायचंय त्यांनी मुळात सायलेन्सर आणि फिल्टरला हातच लावू नये, कंपनीने लावलेलं सेटिंग त्यासाठीच असतं. आणि रस्त्यावरच्या गाडीत असले बदल चालतात की नाही तेही आपापल्या ठिकाणचे नियम बघूनच ठरवा.

तर पाचात किती? नीडलला पाच. जेटना तीन, त्या कुसळीमुळे. सूचनांच्या कागदाला दोन, आणि ड्रिल बिटला शून्य. एकूण साडेतीन धरा. गाडी आता खालून वरपर्यंत एकसारखी ओढते, रेस सोडली की सरळ आयडलला येते, ताकद किती वाढली ते मोजलेलं नाही आणि मोठा आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वासही नाही.

किट बनवणाऱ्यांना एकच सांगणं, पुढच्या वेळी ते बिट काढा आणि त्या जागी पायलट स्क्रूचा ओ-रिंग द्या. स्क्रू बाहेर काढला की तो इवलासा ओ-रिंग वायसरसकट आत भोकातच अडकून राहतो, वाकवलेल्या बारीक तारेने काढायला गेलं की फाटतो, आणि तो नसला की तिथून हवा ओढून स्क्रू कितीही फिरवा आयडल जागचं हलत नाही. नव्यासाठी सुटे भाग विकणाऱ्यांकडे हिंडावं लागलं, आणि बहुतेकांकडे तो सुटा मिळतच नाही, अख्खं कार्ब रिपेअर किट घ्या म्हणतात.